अपघातात डोळा पहिल्याच दिवशी तपासा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मुंबई-गोवा महामार्गावर अपघात झाला की दुसऱ्या दिवशी बातमीत मृत किती, जखमी किती हे छापून येते. त्यातल्या एखाद्या 'किरकोळ जखमी'ची दृष्टी कायमची गेली, हे मात्र त्याच्या घरापलीकडे कुणाला कळत नाही. संगमेश्वर तालुक्यात नेत्रचिकित्सा अधिकारी म्हणून नोकरी केल्यामुळे याबद्दल कळकळीने लिहावेसे वाटते.

अपघातात आधी जीव, मग बाकीचे, हे बरोबरच आहे. पण नंतरही डोळा मागेच राहतो. पापण्या सुजून टम्म होतात, भुवईवर टाके पडतात आणि 'सूज उतरली की दिसेल' असे सांगून रुग्णाला घरी पाठवले जाते. त्या सुजेखाली डोळा फुटलेला असू शकतो, आत रक्त साचलेले असू शकते, पडदा सुटलेला असू शकतो. फुटलेला डोळा शक्यतो 24 तासांच्या आत शिवावा लागतो. जितका उशीर, तितका आत पू होण्याचा धोका जास्त. आपल्याकडून आंबा घाट उतरून कोल्हापूर गाठायचे किंवा सिंधुदुर्गातून गोव्यात बांबोळीच्या रुग्णालयात जायचे, यातच किती वेळ जातो हे इथल्या माणसाला सांगायला नको.

शिवाय वाटेत नको ते उपचार होतात. कुणी डोळा चोळून काच काढू पाहतो, कुणी दूध घालतो, कुणी रक्त थांबावे म्हणून करकचून पट्टी बांधतो. फुटलेल्या डोळ्यावर थोडा जरी दाब आला, तरी आतला भाग बाहेर येऊ शकतो. रुतलेली काच ओढू नये, पाणी मारू नये, थेंब किंवा मलम घालू नये. कागदी पेल्याचा कापून घेतलेला तळ वाटीसारखा डोळ्यावर उपडा धरून, त्याची कड भुवईच्या आणि गालाच्या हाडावर टेकवून चिकटपट्टीने बसवावा. भूल द्यावी लागेल म्हणून खायला-प्यायला देऊ नये. बॅटरीतले ॲसिड उडाले असेल, तर मात्र उलट: लगेच आणि भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुवत राहावे, मगच दवाखाना.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डोळ्यावर लावतात ती छिद्रांची प्लास्टिकची वाटी अगदी स्वस्त असते. तशा दोन-चार वाट्या प्रत्येक 108 रुग्णवाहिकेत आणि महामार्गालगतच्या प्रत्येक आरोग्य केंद्रात ठेवाव्यात. चेहऱ्याला मार लागलेल्या, शुद्धीवर असलेल्या रुग्णाला, एकेक डोळा झाकून, 'बोटे किती?' एवढे तरी विचारावे आणि उत्तर केसपेपरवर लिहावे. सुजलेली पापणी जबरदस्तीने उघडू नये. शंका आली की वाटी लावून नेत्रतज्ज्ञाकडे धाडावे.

दुचाकीवाल्यांनाही विनंती आहे. पावसात हेल्मेटच्या काचेवर वाफ धरते म्हणून ती वर करून गाडी हाकू नका, आणि पोलिसांपुरते अर्धे हेल्मेट घालू नका. खडीच्या डंपरमागून जाताना उघड्या डोळ्यांना काहीच आडोसा नसतो. गाडीत मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावावा.

गणपतीला चाकरमान्यांची रीघ लागण्याआधी रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या आरोग्य विभागांनी रुग्णवाहिकांवरील कर्मचाऱ्यांना वाटी कशी लावायची हे दाखवावे. त्याला एक दुपार पुरते.

आपला,
एक निवृत्त नेत्रचिकित्सा अधिकारी,
ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी