नफ्यामागे दडलेली घसरण

संस्था डबघाईला आली की सगळे खापर शेवटच्या प्रमुखावर फुटते. हे मला पटत नाही. घसरण बहुधा भरभराटीतच सुरू झालेली असते. आधीच्या यशाचा वेग ती झाकून ठेवतो. कॅमेऱ्याची फिल्म बनवणाऱ्या कोडॅक कंपनीतील अभियंते स्टीव्ह सॅसन यांनी १९७५ मध्येच डिजिटल कॅमेरा तयार केला होता. पण फिल्मच्या विक्रीतून नफा येतच राहिला आणि वेळेवर वळण घेतले गेले नाही. २०१२ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याच व्यवसायातली फुजीफिल्म मात्र वैद्यकीय उपकरणे, सौंदर्यप्रसाधने अशा क्षेत्रांत शिरली आणि टिकली.

अपयशालाही असाच वेग असतो. एक प्रकल्प फसला की कर्तबगार माणसे आधी बाहेर पडतात, कारण त्यांना दुसरीकडे सहज काम मिळते. उरलेल्यांवर भार वाढतो, मुदती चुकतात, मग वरून अहवालांची मागणी सुरू होते (ते लिहिण्यात उरलासुरला वेळही जातो!). अशा वेळी मोठ्या घोषणांपेक्षा एखादे छोटे काम वेळेत पुरे करून दाखवणे अधिक उपयोगी. आणि आकडे उत्तम असतानाच संचालक मंडळाने विचारावे, यातले यंदाच्या कामाचे किती आणि जुन्या पुण्याईचे किती?

– एक वाचक