संस्कार खेडलाही होते आणि कोथरूडलाही

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत परदेशस्थ भारतीयांच्या आर्थिक यशावर आलेला लेख वाचला. अमेरिकेतली भारतीय कुटुंबे तिथल्या बाकीच्यांपेक्षा कितीतरी जास्त कमावतात, हे सांगून लेखकाने त्याची कारणे दिली आहेत : कष्टाळूपणा, काटकसर, एकत्र कुटुंब, शिक्षणाची ओढ आणि एकंदरीत आपले संस्कार. आकड्यांशी माझे भांडण नाही. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकन संशोधन संस्थेने २०१९ च्या माहितीवरून तिथल्या भारतीय कुटुंबाचे मधले उत्पन्न (निम्म्यांचे त्याहून जास्त, निम्म्यांचे कमी) वर्षाला १ लाख १९ हजार डॉलर असल्याचे दाखवले होते. भांडण आहे ते कारणांशी, आणि ते करण्यापुरता अनुभव माझ्या गाठी आहे.

मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत नोकरी केली. उमेदीचा काळ रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातल्या एका शाखेत गेला आणि शेवटची वर्षे पुण्यात, कोथरूडला. दोन्हीकडे एनआरई खात्यांचे, म्हणजे परदेशी राहणारे भारतीय आपली कमाई ज्यांत पाठवतात त्या खात्यांचे, काम माझ्याकडे होते. खेडला पैसे येत ते सौदी, कुवेत, मस्कत, दुबईहून. कोथरूडला न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्नियातून. रिझर्व्ह बँकेच्या लेखी दोघेही अनिवासी भारतीय. फॉर्म एकच, व्याजाचा दरही एकच.

लेखकाने दिलेली यादी घेऊन आधी खेडच्या खातेदारांकडे पाहू. वेल्डर, गवंडी, सुतार, ड्रायव्हर, शिंपी, काही बोटीवरचे. बहुतेक कोकणी मुसलमान, पण कुणबी आणि मराठा मुलेही होती. पगार झाला की ड्राफ्ट निघायचा, रजिस्टर पोस्टाने यायचा आणि घरची बाई पासबुक घेऊन काउंटरवर उभी राहायची. ड्राफ्टला आठ-दहा दिवस उशीर झाला, तर ‘कंपनीने पगार अडवलाय’ एवढे तिला आमच्याआधी कळलेले असे. तिकडे एका खोलीत आठ-दहा जण राहून, स्वतः रांधून, ही माणसे पगारातला बहुतेक सगळा पैसा घरी पाठवत. त्यातून आधी घराचा स्लॅब, मग बहिणीचे लग्न, धाकट्या भावाची फी, विहिरीवर पंप. इतकी बचत करणारा एकही खातेदार मला नंतर कोथरूडमध्ये भेटला नाही, आणि त्यात कोथरूडकरांचा दोष नाही. त्यांना तशी गरजच पडली नाही. कष्ट म्हणाल तर पन्नास अंश उन्हात सळ्या बांधण्याचे. कुटुंबासाठी झटणे म्हणाल तर एका पगारावर बारा-पंधरा माणसे.

तीस वर्षे असे काढून तो माणूस खेडला परत येतो तेव्हा त्याच्याजवळ एक बंगली असते, जमल्यास बाजारपेठेत एक गाळा, आणि मधुमेह. पेन्शन नाही. मुले इथेच वाढलेली, कारण तिकडे कुटुंब न्यायचे तर ठरावीक पगाराची अट असते आणि गवंड्याचा पगार तिथवर पोचत नाही. व्हिसा कफीलाच्या, म्हणजे तिथल्या हमीदार मालकाच्या, नावावर. त्याच्या मर्जीशिवाय दुसरी नोकरी धरता येत नसे. पासपोर्ट मालकाच्या कपाटात. नागरिकत्वाचा तर प्रश्नच नाही. तिथे जन्म काढला तरी तुम्ही पाहुणेच. ऑगस्ट १९९० मध्ये सद्दाम हुसेनच्या फौजा कुवेतमध्ये घुसल्या आणि सुमारे पावणेदोन लाख भारतीयांना विमानांनी परत आणावे लागले. त्यांतले काही आमच्या शाखेत आले होते. खिशात कुवेती दिनारच्या नोटा होत्या. आदल्या महिन्यात जगातल्या सगळ्यांत महागड्या चलनांपैकी एक, आणि आता काउंटरवर त्यांचे काय द्यायचे ते मला सांगता येईना. जून २०२४ मध्ये त्याच कुवेतमध्ये मंगफ भागात कामगारांच्या इमारतीला आग लागून चाळीसहून अधिक भारतीय गेले. मधल्या चौतीस वर्षांत कामगारांच्या राहण्याच्या जागा फारशा बदललेल्या दिसत नाहीत.

आता कोथरूड. इथले खातेदार म्हणजे गणपतीत आठ दिवसांसाठी येऊन सोसायटीच्या मंडळापुढे ‘तिकडे शिस्त कशी असते’ यावर बोलणारे. चेष्टा सोडून देतो; हुशार मुले होती आणि मान मोडून अभ्यास केलेली होती. पण ती विमानात बसण्याआधीची कागदपत्रे माझ्या टेबलावरून गेली आहेत. अमेरिकेतल्या विद्यापीठाला दाखवायला बँक बॅलन्सचे सर्टिफिकेट लागते. मग वडिलांची एफडी, मावशीची एफडी, काकांचा पीपीएफ आणि फ्लॅटचे व्हॅल्युएशन असे गोळा करून रक्कम जमवायची. त्या सर्टिफिकेटांवर मी सह्या केल्या आहेत. ज्याच्या मावशीकडे एफडी नाही, त्याचे काय, हे विचारायला तसा कोणी माझ्या टेबलापर्यंत येतच नसे.

शैक्षणिक कर्जाचेही तेच. साडेसात लाखांच्या वर गेले की तारण लागे आणि परदेशी शिक्षण त्याच्या आत बसत नाही. कोथरूडमध्ये वडिलांच्या नावावर फ्लॅट असतो, इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) असतो, काम आठवड्यात होते. कोकणातल्या मुलाकडे जमीन असते, कधी चांगली दोन-तीन एकर, कलमे लावलेली. पण सातबारा सामाईक. आजोबांच्या नावाखाली सतरा वारस, त्यांतले सहा मुंबईला, एक बेपत्ता, दोघींची नावे अजून चढलेली नाहीत. असा सातबारा बँक तारण म्हणून घेत नाही. आमच्या कायदेशीर सल्लागाराने शेरा मारला की फाइल परत. गुण सारखे असलेल्या दोन मुलांपैकी एक शिकागोला आणि दुसरा चिपळूणच्या वर्कशॉपमध्ये, एवढा फरक मी एका शेऱ्याने पडताना पाहिला आहे.

आता अमेरिकेचा दरवाजा पाहा. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड या माजी अमेरिकन सैनिकाला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने नागरिकत्व नाकारले, कारण तो कायद्याच्या अर्थाने ‘गोरा’ नव्हता. १९४६ च्या कायद्याने दार किलकिले झाले, तेही अख्ख्या भारताला वर्षाला शंभर जागा एवढेच. मग ३ ऑक्टोबर १९६५ ला राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी नव्या कायद्यावर सही केली, देशवार कोटे गेले आणि कुशल माणसाला प्राधान्य मिळाले. त्याच वर्षी तिथे वृद्धांसाठी मेडिकेअर ही सरकारी आरोग्यविमा योजना आली आणि डॉक्टर कमी पडू लागले. आपल्याकडे नेमके तेव्हा सरकारी पैशाने शिकलेले डॉक्टर आणि इंजिनिअर तयार होते. आयआयटी मुंबई १९५८ ची, पुण्याचे इंजिनिअरिंग कॉलेज तर १८५४ चे. पुढे १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली आणि ज्यांना फी परवडली त्या घरांतून इंजिनिअरांची फौज बाहेर पडू लागली. १९९० च्या अमेरिकन कायद्याने कुशल परदेशी नोकरदारांसाठी एच-वन-बी व्हिसा आणला, वर्षाला ६५ हजार. वायटूकेच्या, म्हणजे २००० साल उजाडताना संगणकांतल्या तारखा दुरुस्त करण्याच्या, धांदलीनंतर २००१ ते २००३ या काळात ही मर्यादा १ लाख ९५ हजारांवर गेली होती. कोथरूडच्या शाखेत एनआरई खाती उघडणाऱ्यांत याच लाटेवर गेलेले सगळ्यांत जास्त होते.

म्हणजे आधी इथल्या प्रवेशपरीक्षेने माणसे निवडली, मग बापाच्या खिशाने, मग अमेरिकन कॉन्सुलेटने. इतक्या चाळण्यांतून खाली पडलेल्यांची सरासरी काढून ती ‘भारतीयांची’ म्हणून सांगायची, याला आकडेशास्त्र म्हणत नाहीत. प्यूच्याच माहितीत अमेरिकेतल्या पंचवीस वर्षांवरच्या भारतीयांपैकी ७५ टक्के पदवीधर आहेत, सगळ्या अमेरिकेत ३३ टक्के. आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत शंभर प्रौढांत दहाही पदवीधर नव्हते. तुलना करायचीच तर न्यू जर्सीतल्या भारतीय इंजिनिअरची तिथल्या इंजिनिअरशी करा. शिवाय ही कुटुंबे एडिसन, फ्रीमाँटसारख्या महागड्या भागांत राहतात, जिथे पगारही चढे आणि भाडीही, आणि बऱ्याच घरांत दोघे कमावते.

गल्फचा दरवाजा उलट्या बाजूने निवड करतो. दहावी पास नसलेल्याच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’चा शिक्का, म्हणजे जाण्याआधी सरकारी परवानगी हवी, परवानगीची ही पद्धत १९८३ च्या कायद्यापासूनची. हेतू संरक्षणाचा होता. प्रत्यक्षात एजंटाला कोणाकडून किती उकळायचे ते त्या शिक्क्यावरून कळायचे.

५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेचे लष्करी विमान अमृतसरला उतरले. त्यातून बेड्या घालून परत पाठवलेले १०४ भारतीय होते. बहुतेक हरियाणा, गुजरात, पंजाबचे, तिघे महाराष्ट्राचे. शेत विकून, जंगले तुडवून गेलेली ही माणसे. धाडस, चिकाटी, घरासाठी काही करण्याची जिद्द यांत ती कोणाला हार जाणारी नव्हती. आपल्या लेखकाच्या सरासरीत ती कुठेच नाहीत.

गुजराती मोटेलवाल्यांचे उदाहरण कोणीतरी देईलच, म्हणून आधीच लिहितो. ते खरे आहे, आणि तिथे मी थोडा नमतो. अमेरिकेतल्या मोटेलांपैकी निम्म्याच्या आसपास भारतीयांच्या, मुख्यतः पटेलांच्या हाती आहेत आणि त्यांतले सगळेच काही इंजिनिअर होऊन गेले नव्हते. तिथल्या बँका आणि विमा कंपन्या त्यांना उभे करीत नसत, त्या अडचणीतूनच १९८९ मध्ये अटलांटात त्यांची संघटना निघाली. पण त्यांचे भांडवल पाहा : नातेवाइकांनी शब्दावर दिलेले बिनव्याजी पैसे, मोटेलमध्येच राहिल्याने वाचलेले घरभाडे, बायकामुलांची बिनपगारी मजुरी. बँकवाला म्हणून सांगतो, शब्दावर कर्ज देऊन ते वसूल होणे ही फार मोठी गोष्ट आहे आणि आम्हाला ती कागदांचे गठ्ठे घेऊनही साधली नाही. याला संस्कार म्हणायचे असेल तर म्हणा. मी त्याला पतपुरवठा म्हणेन. खेडच्या माणसांतही तो होता. पहिल्या व्हिसाचे पैसे गावातल्या आधी गेलेल्यानेच दिलेले असत. फक्त सौदीत त्या पतपुरवठ्यावर मोटेल विकत घेता येत नसे. तिथे परदेशी गवंड्याला गवंडीच राहावे लागे.

युगांडाचे उदाहरणही असेच. १९७२ मध्ये इदी अमीनने नव्वद दिवसांची मुदत देऊन आशियाई लोकांना हाकलले. त्यांतले सत्तावीस-अठ्ठावीस हजार ब्रिटनमध्ये जवळजवळ रिकाम्या हातांनी उतरले आणि पुढे दुकानदारीत, उद्योगात वर आले. हात रिकामे होते, पण डोक्यात दोन पिढ्यांचा व्यापार, इंग्रजी आणि जमाखर्च होता; आणि ब्रिटनमध्ये उतरल्यावर दुकान काढायला त्यांना कोणा कफीलाची चिठ्ठी लागली नाही.

हा सगळा उपद्व्याप कशासाठी, असे लेखकमहाशय विचारतील. कारण या गोष्टी ऐकून इथल्या लोकांचे समज बनतात. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने नव्या एच-वन-बी अर्जावर १ लाख डॉलर शुल्क जाहीर केले, तेव्हा माझ्या पुण्यातल्या जुन्या खातेदारांचे फोन आले. मुलगा शिकतोय, कर्ज डोक्यावर, आता काय? यश संस्कारांचे असते तर वॉशिंग्टनमधल्या एका सहीने कोथरूडची झोप उडायचे कारण नव्हते. आणि खेडचा माणूस तर स्वतःलाच बोल लावत बसतो. ‘आपल्याला काय जमलं नाही साहेब, त्या पुण्यावाल्यांसारखं,’ असे एका निवृत्त वेल्डरने मला विचारले आहे. त्याने दोन भाऊ शिकवले होते.

रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०१६-१७ पर्यंत भारतात सर्वाधिक पैसे संयुक्त अरब अमिरातीतून येत. २०२०-२१ पासून अमेरिका पुढे गेली. सरकारचे लक्षही त्याच दिशेने वळलेले दिसते. आखातातल्या कामगारांसाठी २०१२ मध्ये महात्मा गांधी प्रवासी सुरक्षा योजना निघाली होती, म्हातारपणाच्या पेन्शनची सोय होती तीत. प्रतिसाद नाही म्हणून २०१७ मध्ये गुंडाळली. प्रतिसाद कुठून येणार? आमच्या टापूत ती कोणाला माहीतच नव्हती. केरळने १९९६ मध्ये परदेशस्थांसाठी स्वतंत्र खाते काढले, पुढे कल्याण मंडळ नेमून निवृत्तिवेतनही सुरू केले. त्या धर्तीवर खेड, दापोली, मंडणगड, श्रीवर्धन, म्हसळ्याच्या माणसांसाठी काय करता येईल, हे आपल्या वृत्तपत्राने पालकमंत्र्यांना विचारावे.

आणि पुरवणीत पुढची यशोगाथा छापाल तेव्हा मुलाखत घेणाऱ्याला चार प्रश्न जास्तीचे द्या : कोणत्या व्हिसावर गेलात, कोणत्या साली, वडील काय करीत होते, आणि कर्जाला तारण काय दिले. उत्तरे गाथेच्या वरच्या चौकटीत छापा.

आपला,
एक निवृत्त बँक अधिकारी, चिपळूण