निकाल ठरलेला, आपटणं खरं

संपादक महोदय,

जपानी प्रो-रेसलिंगला सरसकट ‘नाटक’ म्हणणं अन्यायाचं आहे. निकाल ठरलेला असतो, पडणं खरंच असतं. शोता उमिनो हा तिथला पैलवान, नामांकित पंचाचा मुलगा. पण २०१७ साली ‘न्यू जपान’ या कुस्ती कंपनीच्या रिंगणात उतरला तो इतर ‘यंग लायन’सारखाच, म्हणजे नवशिक्या पैलवानांसारखाच, काळी चड्डी, काळे बूट आणि मोजके डाव घेऊन. त्याआधी तालमीत शेकडो बैठका आणि ‘उकेमी’, म्हणजे पडण्याचा सराव. हनुवटी छातीला, श्वास सोडत पाठीचा वरचा भाग आणि दोन्ही तळहात एकदम मॅटवर. हनुवटी सुटली की डोकं आपटतं. घाबरून हात मागे टेकला की मनगट, नाहीतर कोपर जातं. २०१९ला तो इंग्लंडला शिकायला गेला, परतला २०२२ला. रंगीत पोशाख त्यानंतरचा!

– एक कुस्तीप्रेमी, कोल्हापूर