खुन्याचे गाणे, मुलीचे नावच नाही

मा. संपादक,

अठराव्या शतकातल्या इंग्लंडमधील खून-फाशीच्या छापील कथागीतांवरचा आपल्या पुरवणीतला लेख आवडला. मात्र या गाण्यांत ज्यांचा जीव जातो, त्या बायकांबद्दल त्यात अवाक्षर नाही, म्हणून हे लिहीत आहे.

ही गाणी म्हणजे एकाच बाजूला छापलेला स्वस्त कागद, वर बहुतेकदा जुन्याच लाकडी ठशाचे चित्र, आणि अनेकदा ‘अमुक चालीवर म्हणावे’ एवढी सूचना. चाल लोकांना पाठ असे. लंडनच्या डायसी छापखान्यातून असे गठ्ठे फेरीवाल्यांमार्फत गावोगाव जात. लंडनजवळ टायबर्नला जाहीर फाशी असे, त्या दिवशी तर विक्रीला ऊत यायचा. चित्रकार होगार्थच्या १७४७ मधल्या चित्रात कैद्याची गाडी अजून वधस्तंभापर्यंत पोहोचलेली नाही, तोच एक बाई त्याचे ‘अखेरचे बोल’ ओरडून विकते आहे!

‘बर्कशायर ट्रॅजेडी’ हे त्यातलेच गाणे. ऑक्सफर्डजवळच्या विटम गावचा गिरणीवाला ऑक्सफर्डच्या मुलीला लग्नाचे वचन देतो. तिला दिवस गेल्यावर फिरायला नेतो, कुंपणातली काठी उपसून तोंडावर मारतो आणि केसांना धरून नदीपर्यंत ओढत नेतो. घरी नोकर विचारतो, कपड्यांना रक्त कसले? ‘घोळणा फुटला,’ हा सांगतो. पुढे मुलीची बहीण त्याच्याविरुद्ध साक्ष देते आणि तो फासावर जातो. पण पहिल्यापासून शेवटपर्यंत ‘मी’ आहे तो खुनी. पश्चात्ताप त्याचा, तरुणांना उपदेशही त्याचाच. मुलीच्या वाट्याला फक्त गयावया येते. तिला नावसुद्धा नाही.

याहून अस्वस्थ करणारे पुढेच आहे. हे गाणे समुद्रापार अमेरिकेत गेले, ‘नॉक्सव्हिल गर्ल’ झाले आणि वाटेत मुलीचे गरोदरपण गळून पडले. खून उरला, कारण पुसले गेले. आता ऐकणाऱ्याला वाटते, माणसाच्या डोक्यात एकाएकी सैतान शिरला. मूळ कागदात मात्र स्वच्छ दिसते की जबाबदारी टाळण्यासाठी त्याने तिला मारले. ते छापणाऱ्याने पैशांसाठी छापले असेल, तरी ती नोंद मोलाची आहे.

ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयाने असे कितीतरी कागद इंटरनेटवर मोफत पाहायला ठेवले आहेत. आपण यातले एखादे गाणे पूर्ण अनुवादासह, ठशाच्या चित्रासकट छापावे आणि त्यासोबत बहिणीच्या साक्षीवर कोणाकडून तरी आवर्जून लिहून घ्यावे, ही विनंती.

— एक वाचक, सातारा