थांबणारी मुलं

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू वर्गातल्या त्या पोराबद्दल बोललीस. खाऊ हातात पडला की लगेच तोंडात कोंबतो, ‘सुट्टी होईपर्यंत ठेवलास तर अजून एक देईन’ म्हटलं तरी ऐकत नाही. ‘हावरा आहे हो, बाबा’ म्हणालीस. तेव्हापासून तो शब्द डोक्यातून जात नाही, कारण वर्षानुवर्षं मीही तेच म्हणत आलो.

पालकसभेत मी सांगायचो ती मार्शमेलोची गोष्ट तुला पाठच असेल. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत वॉल्टर मिशेल यांनी मुलांपुढे एक गोड गोळा ठेवला. आत्ता खाल्लास तर एकच, मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन. थांबलेली मुलं पुढे अभ्यासात सरस निघाली, असं 1990 मध्ये छापून आलं. मी तेवढंच उचललं आणि आयाबायांना सांगत सुटलो की पोराला संयम शिकवा. ती पोरं बहुतेक विद्यापीठातल्या माणसांची होती, याचा विचारच केला नाही. 2018 मध्ये नऊशेहून जास्त मुलांची माहिती घेऊन पुन्हा तपासलं, तेव्हा घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर तो संबंध अगदी पुसट झाला.

पण मला खरं हलवलं ते 2013 च्या एका छोट्या प्रयोगानं. रॉचेस्टर विद्यापीठातल्या सेलेस्ट किड यांचा. तीन ते पाच वर्षांची फक्त 28 मुलं. आधी चित्र काढायला झिजलेले खडू दिले आणि सांगितलं, थांब, चांगले आणते. निम्म्या मुलांना खरंच नवे खडू मिळाले. उरलेल्यांपुढे बाई रिकाम्या हातानं परत आल्या. म्हणाल्या, माफ कर, नाहीतच आमच्याकडे. स्टिकरच्या वेळीही तसंच. मग तो गोळा पुढे ठेवला. ज्यांना दिलेला शब्द पाळला होता ती पोरं सरासरी बारा मिनिटं थांबली. ज्यांना फसवलं होतं ती तीन मिनिटं. पूर्ण पंधरा मिनिटं थांबणारी पहिल्या चौदांत नऊ होती, दुसऱ्या चौदांत एक.

मुक्ता, ती पोरं हावरी नव्हती गं. शहाणी होती.

वाचताना मला तुझी सायकल आठवली. तिसरीत पहिली आलीस तर घेईन म्हणालो होतो. तू आलीस, आणि त्याच महिन्यात आजीचं ऑपरेशन निघालं. पुढच्या वर्षी ‘यंदा नक्की’ म्हणालो तेव्हा तू काहीच बोलली नाहीस, खाली वाकून बुटाची नाडी बांधत राहिलीस. बांधलेली सोडून परत बांधलीस. त्यानंतर आत्यानं दिलेले पैसे तू त्याच संध्याकाळी दुकानात घालवायचीस आणि मी तुला उधळी म्हणायचो. पैसे नव्हते याचं मला आज वाईट वाटत नाही. तुला समोर बसवून ते सांगितलं नाही, याचं वाटतं.

आता तुझ्या वर्गाकडे बघ. अर्ध्या घरांतले आईबाप ऊसतोडीला, कोयत्यावर जातात. पोराला आजीपाशी ठेवताना ‘पंधरा दिवसांत येतो’ म्हणतात, आणि येतात ते पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, उन्हाळा लागता लागता. त्यांचाही इलाज नसतो. मुकादमाची उचल फिटल्याशिवाय कसे येतील? पण त्या पोरानं ‘सुट्टी होईपर्यंत’ या शब्दांवर का म्हणून विश्वास ठेवावा?

त्याला थांबायला सांगू नकोस, निदान दिवाळीपर्यंत तरी. ‘उद्या गोष्ट पुरी करते’ म्हणालीस तर उद्या पुरी कर, साहेब तपासणीला आले तरी. जमणार नसेल तर आदल्या दिवशीच सांग.

एसटीच्या पार्सलनं तीस खडूपेट्या पाठवतोय, मोजून घे. पेट्या हातात पडेपर्यंत मात्र वर्गात कुणाला काही बोलू नकोस.

तुझा,
बाबा