विक्रमादित्यचं आत्ताच ठरवा साहेब

माननीय संरक्षणमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार. आपली विमानवाहू नौका विक्रमादित्य निवृत्त झाल्यावर तिचं काय करायचं, हे आत्ताच ठरवा, एवढं सांगायला हे पत्र.

लहानपणी नेव्ही वीकला बाबांनी मला विक्रांत दाखवायला नेलं होतं, आपली पहिली विमानवाहू नौका, म्युझियम झालेली ती जुनी विक्रांत. ही मोठी लाईन, मग खडा लोखंडी जिना, आणि आत शिरल्या शिरल्या नाकात बसलेला ऑइलपेंट आणि ग्रीसचा वास. डेकवर उभं राहून बाबा सांगत होते की ७१ च्या युद्धात इथूनच सी हॉक विमानं उडाली आणि चितगाव, कॉक्स बझारवर बॉम्ब टाकून आली. मी वाकून डेकला हात लावून बघितला होता, उन्हाने चटका बसला होता.

ती विक्रांत २०१४ ला ६० कोटींना भंगारात गेली, आपल्याच मुंबईत, जहाजं तोडतात त्या दारूखान्यात गॅसकटरने कापली. मुंबईत नेव्हीच्या गोदीच्या लायन गेटजवळ तिच्या लोखंडाचं स्मारक आहे, पण डेकवर उभं राहणं वेगळं हो.

मग विराट, दुसरी विमानवाहू नौका. १९५९ ला ब्रिटिश नेव्हीत हर्मिस म्हणून आली, ८२ च्या फॉकलंड युद्धात त्यांच्या ताफ्याची फ्लॅगशिप, म्हणजे मुख्य जहाज होती, ८७ ला आपल्याकडे आली आणि पुढे ३० वर्षं राबली. ६ मार्च २०१७ ला मुंबईत निवृत्त झाली. आपल्या राज्याच्या कॅबिनेटने सिंधुदुर्गात निवतीजवळ तिचं म्युझियम करायला ८५२ कोटींचा प्रस्ताव मंजूर केला तो नोव्हेंबर २०१८ ला, म्हणजे जहाज दीड वर्षाहून जास्त नुसतं उभं राहिल्यावर, आणि २०२० मध्ये ती ३८ कोटी ५४ लाखांना गुजरातेत अलंगला भंगारात गेली. खर्च मोठा आहे हे मान्य आहे साहेब, खाऱ्या पाण्यात उभं लोखंड रोज गंजतं, डागडुजी थांबली की संपलं. म्हणूनच तर म्हणतो, जहाज निवृत्त झाल्यावर पैसा आणि जागा शोधायला निघायचं नाही.

विक्रमादित्यचा तळ कारवारला आहे, पण तीसुद्धा १९८७ ची, सोव्हिएत रशियाची बाकू, म्हणजे तिचंही वय झालंय. ती कामावर आहे तोवरच जागा कुठली, पैसे कोण देणार, देखभाल कोणाकडे हे लेखी ठरवा, केंद्र, राज्य आणि नेव्हीला एका टेबलावर बसवा. आणि अख्खं जहाज ठेवणं नाहीच जमलं तर निदान विमान उडतं तो पुढचा वर चढत गेलेला उतार, स्की जंप, आणि डेकचा एक तुकडा कापून किनाऱ्यावर बसवा, भंगाराच्या लिलावाच्या कागदातच तशी अट घाला, म्हणजे पोरांना त्यावर उभं तरी राहता येईल.

आपला,
एक मुंबईकर