शनिवारच्या चित्रपट-प्रदर्शनाबाबत सूचना

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, येत्या शनिवारी सायंकाळी ६ वाजता नेहमीच्या सभागृहात योशियुकी तोमिनो यांचा १९८१ सालचा ‘मोबाइल सूट गंडम’ हा जपानी ॲनिमेशनपट इंग्रजी उपशीर्षकांसह दाखविण्यात येईल. १९७९ मध्ये सुरू झालेली मूळ दूरदर्शन मालिका ५२ भागांची ठरली असताना ४३ भागांतच गुंडाळावी लागली. पुढे तिच्यातूनच तीन चित्रपट संकलित झाले आणि त्यांपैकी हा पहिला आहे.

“कार्टून कशाला?” अशी विचारणा काही ज्येष्ठ सभासदांनी केल्यामुळे थोडे लिहावे लागते. अवकाशातील वसाहतीवर हल्ला होताच पंधरा वर्षांचा आमुरो नाइलाजाने यंत्रमानवात चढतो आणि निर्वासितांनी भरलेल्या युद्धनौकेची धुरा एकोणीस वर्षांच्या ब्राइटवर येऊन पडते. निर्वासितांच्या छावणीत बऱ्याच काळाने आई भेटते, तेव्हा खाटेवर पडलेला आमुरो पांघरुणाखालून शत्रुसैनिकावर गोळी झाडतो. त्यानंतरचा आईचा चेहरा जरूर पाहावा. यंत्रांच्या लढाया आहेतच, पण आमच्या मते चित्रपटाचा जीव या प्रसंगात आहे.

चित्रपट सव्वादोन तासांहून मोठा असून मध्यंतर होणार नाही, त्यामुळे दारे वेळेवर बंद करण्यात येतील. हिंसक दृश्ये असल्याने लहान मुलांना आणण्याचे कृपया टाळावे. चर्चेसाठी थांबणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत कार्यवाहांना कळवावे, म्हणजे चहाचा अंदाज येईल.

– कार्यवाह